मुंबईच्या टेलिफोन कंपनीचं कोकणात काय काम? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि खरं सांगते, पहिल्यांदा वाचताना लागली. लगेच उत्तर लिहायला घेतलं होतं, पण थांबले, दुसऱ्या दिवशी सकाळी परत वाचली आणि मग जाणवलं की यातलं निम्मं बरोबर आहे आणि उरलेल्या निम्म्यावर मला बोलायचंच आहे, त्यामुळे आता सावकाश आणि लांबलचक लिहिते.

ज्यांनी मूळ प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मागच्या लेखात मी मुंबईच्या जुन्या टेलिफोन कंपनीपासून सुरुवात करून कोकणात फोन कसा पोचला हे लिहिलं होतं. त्यावर या वाचकांचं (मूळ गुहागर तालुक्यातले, आता डोंबिवलीला असतात) म्हणणं असं की कंपनी मुंबईची, तिचा कोकणाशी काहीच संबंध नाही, शीर्षकात 'कोकण' उगाच घातलंय. कंपनी स्वातंत्र्यानंतर सरकारकडे गेली असं मी लिहिलं ते साफ चूक आहे. आणि ज्या सरकारी टेलिफोन खात्याबद्दल मी एवढ्या प्रेमाने लिहिलं त्यानेच फोन रखडवला, खाजगी मोबाइल कंपन्या आल्या नसत्या तर कोकण अजून ट्रंक (ऑपरेटरकडून लावून घ्यायचा बाहेरगावचा फोन) बुक करून बसलं असतं. शेवटी त्यांनी लिहिलंय, "लाइनमनचं कौतुक पुरे, आमच्याकडे चहापाणी केल्याशिवाय वायर जोडत नव्हते."

आधी चूक. तुमचं बरोबर आहे, माझं चुकलं. बॉम्बे टेलिफोन कंपनी सरकारने ताब्यात घेतली ती 1943 साली, म्हणजे युद्ध चालू असताना, इंग्रजांच्याच सरकारने, कलकत्ता आणि मद्रासच्या कंपन्यांबरोबर. स्वातंत्र्याशी त्याचा संबंध नाही. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे.

आता कंपनीचा कोकणाशी काय संबंध. तुम्ही म्हणता काहीच नाही, आणि माझं म्हणणं असं की तो 'काहीच नाही' हाच तर सगळा मुद्दा आहे, तो मला मागच्या लेखात नीट मांडता आला नाही एवढंच. 1880 मध्ये दोन कंपन्या हिंदुस्थान सरकारकडे गेल्या होत्या, ओरिएंटल टेलिफोन कंपनी आणि अँग्लो-इंडियन टेलिफोन कंपनी, आम्हाला इथे टेलिफोन सुरू करू द्या म्हणून. सरकारने तेव्हा नाही म्हटलं. कारण काय दिलं, तर टेलिफोन ही सरकारची मक्तेदारी आहे आणि हे काम सरकार स्वतः करेल. आणि वर्षभरात, 1881 मध्ये, तेच सरकार फिरलं आणि इंग्लंडच्या ओरिएंटल कंपनीला लायसन्स दिलं. कुठलं? कलकत्ता, मुंबई, मद्रास, अहमदाबाद. 28 जानेवारी 1882 ला सेवा रीतसर चालू झाली, आणि मुंबईत पुढे बॉम्बे टेलिफोन कंपनीने साठेक वर्षं कारभार केला.

ती शहरांची यादी परत वाचा. जिथे पेढ्या, गिरण्या, कापसाचा बाजार, गोदी, तिथे कंपनी. बाकीचा सगळा मुलूख सरकारच्या अंगावर. 1885 च्या टेलिग्राफ कायद्याने तारा टाकायचा आणि चालवायचा हक्क सरकारकडेच ठेवला, दुसऱ्या कुणाला हवा तर लायसन्स, म्हणजे उद्या रत्नागिरीच्या व्यापाऱ्यांनी पैसे गोळा करून आपली टेलिफोन कंपनी काढायची म्हटलं असतं तरी ते नुसतं दुकान टाकण्याइतकं सोपं नव्हतं. आगबोटीच्या बाबतीत आपल्या लोकांनी हे केलं होतं, परक्या कंपनीच्या बोटीसमोर 'माझी आगबोट कंपनी' म्हणून लोकांच्या पैशातून बोटी चालवल्या. टेलिफोनमध्ये तसं काही झालं नाही. कमाईचं शहर कंपनीने घेतलं आणि खर्चाचा किनारा खात्याकडे राहिला, पुढची शंभर वर्षं कोकणात फोन का उशिरा आला याचं अर्धं उत्तर मला तरी या 1881 च्या कागदात दिसतं.

आणि हे अंतर किती जवळून दिसायचं बघा. मांडव्याच्या किनाऱ्यावर रात्री उभं राहिलं की समोर मुंबईचे दिवे दिसतात. त्या दिव्यांत फोन 1882 पासून. पण अलिबागहून मुंबईला बोलायचं तर ट्रंक कॉल, बुक करा आणि बसा. आपल्या प्रत्येक घरातला एक माणूस त्या दिव्यांखाली राबत होता, गिरणीत, गोदीत, खानावळीत, आणि त्याची खबर मनीऑर्डरच्या फॉर्मवरच्या दोन ओळींतून यायची. कुठल्याही देशात जिथून एवढी माणसं शहरात जातात तिथे सगळ्यात आधी फोन लागायला हवा होता ना? पण मनीऑर्डर पाठवणारा माणूस कंपनीचा गिऱ्हाईक नव्हता. स्वातंत्र्याच्या वेळी अख्ख्या देशात मिळून फोन होते 80,000 च्या आसपास, तेही बहुतेक मोठ्या शहरांत.

आता खात्याबद्दल. तुम्हाला वाटलं मी गुणगान करतेय. माझी मावशी तालुक्याच्या एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, त्यामुळे प्रेम आहे हे कबूल, पण ते खात्यावर नाही, त्या खोलीतल्या कामावर आहे. लहान असताना मी सुट्टीत तिच्याबरोबर जाऊन बसायचे (खरं तर आत येऊ देत नसत, पण तेव्हा कोण विचारतंय). बोर्डावर ओळीने छोटी छोटी झाकणं, प्रत्येकाखाली नंबर. तालुक्याच्या गावात कुणी फोनचं हँडल फिरवलं की त्याच्या नंबरचं झाकण खट्कन खाली पडायचं, मावशी त्या भोकात वायरची पिन घालायची, "नंबर?" विचारायची, आणि दुसरी पिन हव्या त्या नंबरात. गावातले नंबर दोन आकडी, फार तर तीन. नंबर कुणी सांगतच नसे, "जरा डॉक्टरांकडे दे गो" एवढंच. आणि डॉक्टर घरी नसले तर कुठल्या वाडीत व्हिजिटला गेलेत हे मावशीला माहीत असायचं, कारण तिथला फोन तिनेच सकाळी जोडून दिलेला असायचा.

ट्रंक वेगळा. ट्रंकची तिकिटं असायची, म्हणजे कागदाच्या चिठ्ठ्या, त्यावर कुणाकडून, कुठे, कुठला नंबर, किती वाजता बुक केला. साधा, अर्जंट, आणि लाइटनिंग. अर्जंटला साध्याच्या दुप्पट पैसे, लाइटनिंगला आठपट. तीन मिनिटांचा हिशोब. आणि पीपी म्हणजे ठराविक माणसासाठी कॉल, तो माणूस समोर आला तरच बोलणं सुरू. आमच्या गावी फोन एकच, बाजारातल्या एका दुकानात. माझे वडील परळला गिरणीत होते, आणि 82 चा संप सुरू झाल्यावर (18 जानेवारी 1982, गिरणगावातल्या कुणाला ही तारीख सांगावी लागत नाही) काही महिन्यांनी त्यांनी घरी पीपी कॉल लावला. दुकानातला पोरगा धावत आमच्या वाडीत आला, आजी तशीच निघाली, पाखाडी उतरून, व्हाळ ओलांडून, अर्धा तास चालून दुकानात. लाइन लागायला आणखी दोन तास. आणि लागली तेव्हा आवाज इतका खोल की आजी नुसती ओरडत होती, "मोठ्यान बोल रे, ऐकाक येणा नाय!" तीन मिनिटांतली दोन त्यातच गेली. शेवटी वडिलांचं एवढंच कळलं की पैसे येणार नाहीत आणि तब्येत बरी आहे. परत येताना आजी काही बोलली नाही, घरी आल्यावर तिने चुलीवर भात ठेवला आणि मग मला म्हणाली, "आवाज तरी आयकलंय."

आवाज खोल का यायचा, हे मला मावशीने खूप वर्षांनी समजावलं. आमचा कॉल थेट मुंबईला जायचाच नाही. इथून रत्नागिरी किंवा कोल्हापूर, जी लाइन मोकळी मिळेल ती, तिथून पुढे, प्रत्येक ठिकाणी एक ऑपरेटर, प्रत्येक जोडाला आवाज थोडा थोडा पडत जायचा. आणि मधली तार म्हणजे खांबांवरून उघडी गेलेली तांब्याची तार. आता तुम्ही गुहागरचे, मी तुम्हाला पाऊस काय सांगू. मिरग लागला की फांद्या तारांवर, खाऱ्या हवेने जोड हिरवे पडायचे, चिनी मातीच्या चिमण्यांवर (खांबावर तार ज्यांना बांधतात त्या) ओल बसली की तारेतला आवाज खांबातून जमिनीत उतरायचा, वादळात खांबच आडवे, आणि वर तांब्याची चोरी. उन्हाळ्यात खणून खांब रोवायचा तर खाली जांभा, पहार लागते तिथे ठिणगी उडते.

आणि खाड्या विसरू नका. दाभोळहून वेलदूर समोर दिसतं, तरीत बसलं की पलीकडे. पण रस्ता चिपळूणला वळसा घालून जायचा आणि तारा साधारणपणे रस्त्यालाच धरून असायच्या. म्हणजे हाक मारली तर जवळजवळ ऐकू येईल अशा दोन गावांना फोनवर बोलायला अख्खा डोंगर फिरून यावं लागणार.

पण यापेक्षाही मोठी अडचण आहे ती आपल्या गावाची रचना, आणि याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही म्हणून इथे जरा रेंगाळते. घाटावर गाव म्हणजे गावठाण, घराला घर लागून, एका खांबावर डबा बसवला (डीपी म्हणतात त्याला) की दहा घरांना जोडण्या देऊन मोकळे. आपल्याकडे गाव म्हणजे बारा वाड्या, एक सड्यावर (डोंगरावरच्या उघड्या पठारावर), एक खाडीकाठी, एक डोंगराच्या पोटात, आणि वाडीतही दोन घरांमध्ये माडाची बाग नाहीतर पोफळीचं आगर. एका गिऱ्हाइकासाठी एक-दीड किलोमीटर वायर, आणि ती सगळी झाडांतून. एक्स्चेंजपासून चार-पाच किलोमीटरच्या पुढे साध्या तांब्याच्या जोडीवर आवाज टिकवणं अवघड. मग एका एक्स्चेंजच्या टप्प्यात घरं किती येणार आणि त्यातली फोनचं भाडं भरणारी किती? कंपनीच्या वहीत हे गणित कधीच बसणार नव्हतं, आणि खात्याच्या वहीतही बसत नव्हतं, फरक एवढाच की खात्याला तोटा सोसून करायला सांगणारं कुणीतरी दिल्लीत होतं. ते सांगणंही फार उशिरा आलं, हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे.

खरा बदल झाला 84 नंतर. 1984 मध्ये सी-डॉट ही सरकारची टेलिफोन संशोधन संस्था स्थापन झाली, सॅम पित्रोदा वगैरे नावं तुम्हाला माहीत आहेतच, आणि त्यांनी खेड्यासाठी 128 पोर्टचं छोटं इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज बनवलं, रॅक्स म्हणायचे त्याला. पहिलं बसलं 1986 मध्ये कर्नाटकात कित्तूरला. त्याचं मोठेपण कशात, तर त्याला एसी लागत नव्हता. हे वाक्य शहरात वाचणाऱ्याला किरकोळ वाटेल पण परदेशी एक्स्चेंज म्हणजे थंड, कोरडी, बंद खोली, आणि आपल्याकडे तर पावसाळ्यात कपाटातल्या कपड्यांना बुरशी लागते! ग्रामपंचायतीच्या शेजारच्या खोलीत, पंख्याखाली बसेल असं एक्स्चेंज कुणीतरी बनवलं म्हणून हँडल फिरवायचे फोन जाऊन डायलचे आले. मावशीचा बोर्ड गेला तो यामुळेच. तिला वाईट वाटलं का विचारलं तर म्हणाली, काम कमी झालं तसं लोक आपापलं बोलायला लागले, चांगलंच झालं की.

सगळंच जमलं असं मी म्हणत नाहीये. ज्या गावांत वायर नेणं अशक्य तिथे एमएआरआर नावाची रेडिओवर चालणारी यंत्रणा आणली, एका बेस स्टेशनवर दोन चॅनल आणि ते पंधरा गावांनी वाटून घ्यायचे. अँटेनाला समोरचा अँटेना दिसायला हवा, आणि आपल्याकडे समोर काय, तर डोंगर. देशभरात हे फोन बंद पडण्यासाठीच ओळखले जायचे, पुढे ते बदलावे लागले. तेव्हा यादीत 'सार्वजनिक फोन असलेलं गाव' म्हणून नाव आणि प्रत्यक्षात पत्र्याच्या खोक्यावर पाल, असं कितीतरी ठिकाणी होतं. हे मी मागच्या लेखात लिहिलं नाही, लिहायला हवं होतं.

एसटीडी बूथबद्दल (ऑपरेटरशिवाय थेट बाहेरगावी फोन लावता यायचा ते दुकान) मात्र तुम्ही एक शब्दही लिहिला नाहीत याचं मला आश्चर्य वाटलं, कारण माझ्या मते कोकणातल्या सामान्य माणसाच्या हातात फोन पहिल्यांदा आला तो तिथे, मोबाइलमध्ये नाही. पिवळा बोर्ड, काचेचं खोपटं, समोर लाल आकडे पळतायत, आणि रात्री अकरानंतर पाव दर म्हणून साडेदहापासून लाइन. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात तर विचारू नका, "गाडीचं बुकिंग झालं का", "मखर आणू नको, इथे केलंय" हेच सगळं. आणि बूथवाला कोण असायचा? गावातला अपंग माणूस, विधवा बाई, नाहीतर मुंबईहून गिरणी बंद पडल्यावर परत आलेला कुणी. त्यातल्या कितीतरी जणांचं घर त्या मीटरवर चाललं.

आता खाजगी कंपन्या. तुमचा सगळ्यात जोरदार मुद्दा हा आहे आणि तो मी टाळणार नाही. मोबाइलने जे केलं ते वायरला कधीच जमलं नसतं, कारण वर सांगितलं तेच, वाडीपर्यंत वायर न्यायची गरजच त्याने काढून टाकली. पण 'खाजगी आले म्हणून झालं' हे अर्धंच खरं आहे. महाराष्ट्र-गोव्याची मोबाइल लायसन्स बीपीएल आणि बिर्ला एटी अँड टी यांना मिळाली ती नव्वदीच्या मध्याला. तेव्हाचे दर आठवतात? मिनिटाला 16 रुपयांपर्यंत, आणि येणाऱ्या कॉललाही पैसे. इनकमिंग फुकट झालं 2003 मध्ये, खरा मोबाइल गावात शिरला तो त्यानंतर. आणि वायरच्या फोनसाठीही महाराष्ट्र आणि गोव्याचं खाजगी लायसन्स होतंच की, ह्यूजेस इस्पातला, जी कंपनी पुढे टाटांनी घेतली. त्यांची गिऱ्हाइकं मुंबई, नवी मुंबई, पुणे. अशा लायसन्समध्ये खेड्यात सार्वजनिक फोन द्यायची अट होती, आणि देशभरातल्या खाजगी बेसिक (म्हणजे वायरच्या फोनच्या) कंपन्यांनी मिळून ती अट फारच थोडी पाळली. मी कुणा एका कंपनीला दोष देत नाही. 1881 ला जी यादी झाली तीच यादी शंभर वर्षांनी परत झाली असं मला दिसतं, म्हणूनच मी लेख मुंबईच्या कंपनीपासून सुरू केला होता. टॉवर सुद्धा आधी हायवेला आणि तालुक्याच्या गावी आले, आणि आत खोऱ्यांमध्ये अजून रेंज शोधत सड्यावर जाणारी माणसं आहेत. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये आपली मुलं ऑनलाइन शाळेसाठी डोंगरावर जाऊन बसत होती, ते तर तुम्हीही बातम्यांत बघितलं असेल.

त्याच वर्षी 3 जूनला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला जमिनीवर आलं. मुरूड, श्रीवर्धन, मंडणगड, दापोली, वीज गेली, टॉवरच्या बॅटऱ्या संपल्या, आणि मुंबईतल्या माणसाला आपले आईवडील जिवंत आहेत की नाही हे कळायला काही ठिकाणी कितीतरी दिवस लागले. तेव्हा माझ्या मनात आजीचा तो पीपी कॉल आला होता. सरकारी की खाजगी हा प्रश्न त्या दिवशी कुणालाच पडला नसेल, सगळ्यांचेच फोन गप्प होते. कोकणातली तार काय किंवा टॉवर काय, इथल्या पावसात उभं ठेवायला माणूस आणि पैसा सतत लागतो, आणि तो हिशोब मुंबईच्या हिशोबाने करून चालत नाही. एवढंच मला त्या अख्ख्या लेखात म्हणायचं होतं.

आणि लाइनमन. तुमच्या वडिलांनी नंबर लावून सात वर्षं वाट बघितली आणि वर त्यांच्याकडे पैसे मागितले गेले, हे तुम्ही लिहिलंत त्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. टंचाई होती, यादी होती, आणि जिथे यादी तिथे यादीत वर सरकवणारा हातही असतो. मी ज्या लाइनमनबद्दल लिहिलं ते भर आषाढात कोयती घेऊन तारेवरची फांदी तोडायला चढायचे, मी त्यांना बघितलंय. तुम्ही बघितलेले वेगळे असतील. किंवा तेच असतील. माझा माणूस खरा म्हणून तुमचा खोटा होत नाही, दोन्ही त्या लेखात असायला हवे होते. तुमची हरकत नसेल तर तुमच्या प्रतिक्रियेतला तो परिच्छेद, तुमचं नाव न देता, मी मूळ लेखात घेते. शीर्षकही बदलते, 'कोकणातला टेलिफोन' ऐवजी 'मुंबईपर्यंत तार, कोकणापर्यंत वाट' असं काहीतरी सुचतंय, तुम्हाला आणखी बरं सुचलं तर सांगा.

एक राहिलं. मावशीला तुमची प्रतिक्रिया काल फोनवर वाचून दाखवली, ती आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. चहापाण्याचं ऐकून थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "होय, असत तसे पण." आणि मग विचारलं, हे गुहागरचे तर रत्नागिरीच्या बोर्डावर कुणी यांच्या ओळखीचं होतं का. रात्रपाळीला तिथे एक बाई असायची, वर्षानुवर्षं दोघी रोज बोलायच्या, लाइन मोकळी असली की स्वयंपाकाच्या, पोरांच्या गप्पा. कधी भेटल्या नाहीत. नाव ठाऊक नाही, एकमेकींना 'रत्नागिरी' आणि गावाच्या नावानेच हाक मारायच्या. तुमच्या घरात जुनं कुणी असेल तर विचारून बघाल का?